पुन्हा एकदा आवळणारे सर

आमचे सर कुठल्याही खुर्चीवर सरळ जाऊन बसले आहेत असं मी कधी पाहिलं नाही. आधी ते खुर्चीच्या पाठीला धरून तिला पुढेमागे हलवणार, मग हाताने बैठक दाबून बघणार आणि मग बसणार. एवढ्यावर भागत नसे. बोलणं रंगात आलं की मध्येच उठून ते खुर्ची पुन्हा एकदा हलवत आणि "हां, आता बसली" असं म्हणून टेकत. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो की आमच्या क्लासच्या मालकांची केबिन, यात फरक पडत नसे. नव्या माणसाला वाटे, यांना मूळव्याधीचा त्रास असावा. पहिल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं.

लातूरला तेव्हा क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. मुखेड, उमरी, रेणापूर, कुठून कुठून आईबाप पोरांना पत्र्याच्या पेटीसकट आणून खोल्यांवर सोडत. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो झळकत आणि त्या फोटोंखाली मेसचे डबे घेऊन सायकली पळत. अशाच एका क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवायची आणि सर फिजिक्स. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगे. लातुरात आपल्याइतकं फिजिक्स कुणालाच येत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि ते मत ते कुणापासून लपवत नसत. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि टायरची हवा मोजायचं यंत्र. खांद्याच्या पिशवीत पेपरांचे गठ्ठे आणि पाने. म्हणजे लिहायची पानं नव्हेत, नट आवळायचे पाने.

त्यातला एक पाना त्यांचा जीव की प्राण होता. लांबलचक, चकचकीत. ठरवलेला जोर पुरा झाला की तो "कट्" असा आवाज करायचा. टॉर्क रेंच. तो त्यांनी मखमली पिशवीत ठेवला होता. वहिनी, म्हणजे सरांची बायको, म्हणायच्या, "माझ्या शालूला बोचकं आन् ह्या पान्याला मखमल."

सरांचा एकच सिद्धांत होता आणि तो त्यांनी जगातल्या सगळ्या वस्तूंना लावला होता. ते म्हणत, "नवी वस्तू बसवली की ती बसली असं आपल्याला वाटतं. ती बसलेली नसती. नुसती जागंवर आलेली असती. जरा वापरली, वजन पडलं, हादरे बसले, की मग ती बसती. आन् बसली की ढिली पडती. तवा पुन्हा आवळायचं. पहिलं आवळणं म्हंजे नुसती वळख. दुसरं आवळणं म्हंजे सोयरीक."

आता या सोयरिकीपायी आम्ही काय काय सोसलं ते मलाच ठाऊक. स्टाफरूमचा नवा नळ त्यांनी आठवड्याने पुन्हा आवळला आणि तो मुळासकट त्यांच्या हातात आला. त्या दिवशी अकरावीची सगळी बॅच पाण्यातून चालत गेली. आमच्या घरी जेवायला आले तेव्हा माझ्या कुकरची मूठ त्यांना हलतेय अशी शंका आली, आणि ते निघून गेल्यावर ती मूठ खरोखरच तुटून पडली. मी फोन करून फाडफाड बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "ताई, मंग ती आधीच गेलेली होती. गरम वरण अंगावर सांडण्यापरीस हे बरं." माणूस चुकलाय हे त्याला पटवून देणं, हे आमच्या क्लासमध्ये कुणालाच जमलेलं नव्हतं.

शिकवायचीही हीच तऱ्हा. धडा संपला की परीक्षा, आणि दोन धडे पुढे गेले की पुन्हा मागच्याच धड्याची परीक्षा. मालक डोक्याला हात लावत. "सर, पुढं चला की, शेजारच्या क्लासचं सगळं पुस्तक संपलं." सर म्हणत, "त्यांचं पुस्तक संपलं आसंल. आमचं डोस्क्यात बसायलंय."

पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडायची. नवीन पोरं खोल्यांवर राहायला आली की सर संध्याकाळी चक्कर टाकायचे. खाटा हलवून बघायचे, पंख्याचा हुक बघायचे आणि विचारायचे, "काय, बसलं का?" सगळी पोरं एका सुरात "हो सर" म्हणायची. नव्या गावाची, मेसच्या जेवणाची आणि मित्रांची तेव्हा मजा वाटत असे. सर निघून यायचे. महिन्याभराने पुन्हा जायचे, पुन्हा खाट हलवायचे आणि तेच विचारायचे, "काय, आता बसलं का?" आणि या वेळी एखादं तरी पोरगं ढसाढसा रडायचं. सर त्याच्याजवळ बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, सर, पहिल्या दिवशीच नीट खोदून विचारलं तर? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी त्याला सोताला तरी कुठं ठाऊक असतंय?"

माझ्या नवऱ्याला मात्र हे प्रकरण मुळीच मानवत नसे. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, आणि स्वभाव असा की एकदा काम केलं म्हणजे झालं, मागे वळून बघायचं नाही. त्याने एक जुनी, जीपसारखी उंच गाडी घेतली आणि हौसेने तिला नांदेडहून रुंद टायर आणून बसवले. गाडी दिसायला लागली झोकात. पण स्टिअरिंग पुरतं वळवलं की टायर आतल्या बाजूला घासून घर्रर्र असा आवाज यायचा. कुणीतरी सांगितलं, स्पेसर टाका. स्पेसर म्हणजे चाक आणि गाडीचा हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो मधला भाग, यांच्या मधे बसवायची धातूची जाड चकती. ती टाकली की चाक तेवढं बाहेर सरकतं, घासत नाही, आणि गाडीही जरा पाय फाकवून ऐटीत उभी राहते. नवऱ्याला खरं आकर्षण या ऐटीचंच होतं.

त्याच सुमाराला मला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे मुखेडला करायचं ठरलं होतं. दसऱ्याला निघायचं, म्हणजे मुहूर्त बघायला नको, असं सासूबाईंनी सांगितलं. जायचं होतं ते याच गाडीने. हे ऐकल्यावर सर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. कुणी बोलावलं नव्हतं.

नवऱ्याने स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेल्या चकत्या त्यांनी हातात घेतल्या. साध्या सपाट चकत्या, नुसती भोकं पाडलेल्या. गाडीच्याच बोल्टांवर ओवायच्या आणि वरून चाक लावायचं. सरांनी एका चाकाला लावून बघितलं आणि नट फिरवला. तो जेमतेम दोन-तीन आट्यांवर बसला.

"दाजी, हे काय करायलाव?" ते म्हणाले. "चकतीनं बोल्टाची लांबी खाल्ली. नट धरणार कशाला? करंगळीवर घागर तोलायलाव व्हय?"

"सर, दुकानदार म्हणला सगळे हेच टाकतात."

"सगळे टाकतात, पण सगळ्यांच्या गाडीत ताई बसणार न्हाईत."

मग सर नवऱ्याला घेऊन एमआयडीसीतल्या एका टर्नरचाचांकडे गेले. लेथवर काम करणारं चाचांचं तिसऱ्या पिढीचं घराणं. दुसऱ्या प्रकारच्या चकत्या आणल्या, ज्या हबला वेगळ्या नटांनी आवळायच्या आणि चाक लावायला चकतीवरच स्वतःचे बोल्ट असतात. मधलं भोक आमच्या हबवर घट्ट बसेल असं चाचांकडून कातून घेतलं. का, तर चाकाचं वजन हबने पेलायचं असतं, बोल्टांनी नाही. नवऱ्याला चकती दोन बोटं जाड हवी होती. सर एका बोटाच्या वर जायला तयार नव्हते. चाक जेवढं बाहेर ढकलाल तेवढा बेअरिंगवर जोर, ऐट फुकट मिळत नसते, असं त्यांचं म्हणणं. चाचा हसत नवऱ्याला म्हणाले, "साहेब, ऐकून घ्या. हे सर मला पण दोन खेपा बोलावणार. माझ्या घराच्या दाराची कडी पण ह्यांनीच दोनदा बसवली हाय."

चकत्या तयार झाल्या त्या नेमक्या खंडेनवमीच्या सकाळी. दुपारनंतर चाचांच्या कारखान्यातही मशीनला हार पडतात, कुणी हत्याराला हात लावत नाही. सरांच्या घरी तर खंडेनवमीचा केवढा थाट! पाटावर सगळे पाने ओळीने मांडलेले, मधोमध मखमलीवर टॉर्क रेंच, विभूतीची तीन बोटं ओढलेला. "नवी वस्तू हाय, पूजेत ठेवू आन् मंग बसवू," असं म्हणून त्यांनी आमच्या चारही चकत्या पाटावर घेतल्या. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आणि मग प्रत्येक चकती उलटी करून मागच्या बाजूलाही कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या. वहिनी म्हणाल्या, मागं कशाला? तर सर म्हणाले, "खरं काम मागलीच बाजू करती. समोरलीची पूजा सगळेच करतात."

पूजा झाल्यावर, उद्या निघायचं म्हणून हत्यारांना विसावा द्यायची रीत मोडून, अंगणातच गाडी जॅकवर चढवली. मी खुर्चीवर पाय पसरून बघत बसले होते. सरांनी हबचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. पेट्रोलच्या फडक्याने चकत्या पुसायला घेतल्या. तीन झाल्या आणि मालकांचा फोन आला. दसऱ्याच्या जाहिरातीत सरांचा फोटो दुसऱ्या रांगेत छापला होता, त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सर फोनवर ओरडत फिरले. परत आले, चौथी चकती उचलली, रागातच वरवर पुसली आणि बसवली. एकाआड एक नट आवळले आणि प्रत्येक वेळी तो लाडका पाना "कट्" म्हणाला. नवरा खूश झाला. गाडीला त्याने चहूबाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "झालं एकदाचं."

"कशाचं झालं?" सर म्हणाले. "आता वळख झाली. उद्या पन्नासेक किलोमीटर चालली की पुन्हा आवळायचं. शिरूर ताजबंदला थांबू."

"थांबू?"

"मी येणार हाय संगं. मला मुखेडला काम हाय."

दसऱ्याच्या सकाळी सर पुढच्या सीटवर, मांडीवर मखमली पिशवी घेऊन बसले. मी मागे, उशा लावून. गाडी खरंच छान चालली होती. चाकूर गेलं. दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या राशी पडलेल्या, बैलांच्या शिंगांना हिंगूळ, प्रत्येक ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा. नवरा गाणं गुणगुणत होता. सर बाहेर बघत नव्हते, कान देऊन चाकं ऐकत होते.

शिरूर ताजबंदच्या फाट्यावर चहाच्या हॉटेलापाशी गाडी थांबली आणि तिथेच जुंपली. चहा पिऊन नवरा म्हणाला, "सर, बघा, काही आवाज न्हाई, काही न्हाई. लोण्यावानी चाललीय. तिकडं सासूबाई पोळ्या करून वाट बघायल्यात. मुखेडला गेल्यावर निवांत आवळा."

"दाजी, इथंच."

"संध्याकाळी सोनं वाटायला मला लातूरला परत जायचंय. चार चाकं खोलायची म्हंजे तासाची गोष्ट हाय."

"तासाचीच हाय. आयुष्याची न्हाई."

दोघंही हट्टाला पेटले. नवऱ्याने गाडीची चावी खिशात घातली, सर जॅक हातात घेऊन उभे. मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार ते दोघांनाही आधीच ठाऊक असल्यासारखं वाटत होतं, आणि दोघांचाही अंदाज वेगळा होता. खरं सांगायचं तर तेव्हा माझा ना सरांच्या सिद्धांतावर विश्वास होता ना नवऱ्याच्या गाडीवर. माझी पाठ भयंकर दुखत होती. मी हॉटेलच्या बाजेवर आडवी झाले आणि म्हणाले, "मी तासभर उठत न्हाई. काय करायचं ते करा."

पहिली तीन चाकं खोलून आतल्या नटांना पाना लावताक्षणी तो "कट्" बोलला. नवरा प्रत्येक कटाला माझ्याकडे बघून मान हलवत होता, बघितलंस का म्हणून. मग सरांनी मागचं डावं चाक खोललं. गाडीत मी बसले होते त्याच बाजूचं. पाना लावला. तो फिरला. आणखी फिरला. आवाज आलाच नाही.

सरांनी पाना काढून त्याच्याकडे बघितलं. दुसरा नट धरला, तोही फिरला. एकेक करून बाकीच्या नटांना हात घातला. त्यातला एक तर बोटांनीच हलत होता. नवऱ्याच्या मानेचं हलणं केव्हाच थांबलं होतं. मी बाजेवरून उठून बसले.

चकती हबवरून निघाली. सरांनी ती उलटी केली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. मागच्या बाजूला, हबला जिथे चपखल टेकायला हवी तिथे, कुंकवाचा वाळलेला लालभडक लपका होता आणि त्यात चिरडून पीठ झालेले तांदूळ. अक्षता. आवळताना ते मधे अडकले, गाडी चालली तसे चुरडत गेले, आणि जेवढे चुरडले तेवढे नट ढिले पडत गेले. मुखेडपर्यंतचा पुढचा रस्ता तेव्हा उखडलेला होता.

नवरा मटकन रस्त्याच्या कडेला बसला. हॉटेलवाल्याने न सांगताच पाणी आणून दिलं.

सर त्या चकतीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. "माझ्याच हातचं हाय हे, ताई. मीच लावलं, मीच पुसलं न्हाई." मग ते म्हणाले, "म्हणून तर थांबायचं असतंय. दुसऱ्याच्या चुकीसाठी कोण थांबतंय? आपल्याच हातावर भरोसा न्हाई म्हणून थांबायचं."

आणि का कोण जाणे, मला हसू फुटलं. भीतीने, सुटल्याच्या आनंदाने, त्यांच्या चेहऱ्याने, कशानेही असेल. मी पोट धरून हसायला लागले. आत बाळही लाथा मारत होतं. नवरा आधी घाबरून माझ्याकडे बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. शेवटी सर हसले. फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत होती.

हबवर आणि चकतीवर पेट्रोलचं फडकं फिरवता फिरवता सरांनी मला ती गोष्ट सांगितली. त्यांच्यासोबत एवढी वर्षं काम करून ती मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. त्यांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. मोठा भूकंप व्हायच्या आधी वर्षभर तिथली जमीन गुरगुरत होती, लहान लहान हादरे बसत होते.

"घर दगडमातीचं, वर मातीचं सपाट माळवद," ते म्हणाले. "पण आत लाकडाचे खांब आन् तुळया होत्या. हादरा बसला की दुसऱ्या दिवशी आमचे अण्णा हातोडी घेऊन फिरायचे. एकेक खांब हलवायचे, पाचरी ठोकायचे. गाव हसायचं. मीबी हसायचो, कॉलेजात होतो ना, लई शाना. मंग ती पहाट आली. भिंती भाईरल्या भाईर पडल्या. माळवद मात्र खांबावर तसंच उभं. आम्ही सगळे आत होतो. समदे चालत भाईर आलो."

"मग?"

"मंग काय? आमी भाईर येऊन उभं ऱ्हायलो तर अण्णा पुन्हा आत निघाले. आई वरडली, आता कुठं? तर म्हणले, खांब बघून येतो, आता बसले आसतील."

बाकीच्या गावाचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या भागात ते कुणी कुणाला विचारत नाही. त्यांनी चकती बसवली, नट आवळले. कट्, कट्, कट्. जांबला पुन्हा गाडी थांबवली. या वेळी जॅक नवऱ्यानेच काढून दिला आणि चारही चाकं पाना लावताच बोलली. तेवढा गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

मुखेडला पोचलो तर आई दारात ताट घेऊन उभी. दसऱ्याचा दिवस, दारात आलेल्या गाडीची पूजा व्हायलाच हवी. तिने मुठीत अक्षता घेतल्या मात्र, सर आणि नवरा दोघेही एकदम गाडीच्या आडवे आले. सर ओरडले, "मावशी, तांदूळ न्हाई! कुंकू तेवढं काचंला लावा!" आई दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, जावयासोबत कुणी धर्म बुडवायला आलंय. जेवणं झाल्यावर वडिलांनी विचारलं, "सर, तुमचं मुखेडला काय काम होतं?" सरांनी हात धुता धुता सांगितलं, "झालं की." आणि नवऱ्याबरोबर तसेच परत गेले.

मुलगी झाली. बारशाला सर आणि वहिनी एसटीने आले. पाळणा माझ्या वडिलांनी माजघराच्या लाकडी तुळईला नवा आट्यांचा हुक लावून टांगला होता. सगळ्या बायका पाळणा म्हणायला जमल्या, आणि सरांनी आधी पाळण्याची साखळी धरून चांगली हलवून बघितली. माझ्या मावश्या तोंडाला पदर लावून हसल्या. माझी मान शरमेने खाली गेली. जाताना त्यांनी मला विचारलं, "काय ताई, बसलं का?" मी म्हटलं, "एकदम मजेत, सर." ते वहिनींसोबत एसटी गाठायला निघाले.

महिना-सव्वा महिना झाला असेल. भर दुपारी अंगणात सर उभे. एकटेच. लातूरहून मुखेडला, एसटीने, सरळ गाडी न मिळाल्यामुळे बदलत बदलत. आईने विचारलं, कसं काय येणं केलं? तर म्हणाले, "हुक बघायचा होता. आता पाळण्याचं वजन बसलं आसंल." मी मुलीला उचलून घेतलं. त्यांनी पाळणा उतरवून ठेवला, स्टुलावर चढले आणि पाना लावला. हुक अर्धा आटा फिरला. मोजून अर्धा. मला दाखवून ते हळूच म्हणाले, "बघा." आणि मग स्टुलावरून उतरत, पाना पुसत, माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "आन् तुमचं, ताई? आता बसलं का?"

गेले कित्येक दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सगळं छान आहे असं सांगत होते. झोप नव्हती. दूध पुरेल का याची रोजची भीती होती. क्लासमध्ये माझ्या जागी दुसऱ्या कुणाला घेतील का, मला पुन्हा फळ्यासमोर उभं राहता येईल का, असं काय काय मनात घोळत होतं आणि ते मी आईलाही बोलले नव्हते. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि खोलीवरच्या त्या पोरांसारखी ढसाढसा रडायला लागले. रडता रडताच मला इतकं हलकं वाटायला लागलं की काय सांगू. मुलगी मांडीवर टकामका बघत होती.

सरांनी भिंतीजवळची खुर्ची ओढली. पाठीला धरून हलवली, बैठक दाबून बघितली आणि ते बसले. मी बोलत राहिले, ते ऐकत राहिले. आईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. आणि त्या दुपारी, माझं सगळं बोलून होईपर्यंत, खुर्ची पुन्हा हलवून बघायला ते एकदाही उठले नाहीत.